वहिनींचा न बुडणारा कापूस

आमच्या शेजारच्या कुंदावहिनींना बसलेलं मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोतही त्या उठायच्या बेतात आहेत. त्यांनी लेकीला, अदितीला, शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, तेव्हापासून अमरावतीतल्या त्या घरात एकही वस्तू जागेवर राहिलेली नाही. चहाची गाळणी गांडुळं शोधायला अंगणात, अंगणातला बेडूक न्हाणीत, आणि बापूसाहेबांचा वाचायचा चष्मा उन्हानं कागद जाळायला गच्चीवर.

बापूसाहेब म्हणजे सासरे. उभा जन्म दिवाणी कोर्टात वकिली करण्यात गेलेला. बेडूक त्यांनी सोसला, चष्मा सोसला नाही. त्यांनी अट घातली. रविवारी त्यांच्यासमोर एक प्रयोग करायचा. पुस्तकात लिहिलाय तसा झाला तर नात घरी शिकेल, नाहीतर सोमवारी शाळेत नाव. वहिनींचा नवरा ईशान अशा वेळी जे करतो ते त्यानं केलं, पेपर उघडला.

तो आठवडा वहिनींचे पाय जमिनीला लागले नाहीत. सोड्याच्या बाटलीवरचा फुगा फुटला. व्हिनेगरमध्ये ठेवलेलं अंडं मांजरानं नेलं. शेवटी त्यांनी पुस्तकातला सगळ्यात गरीब प्रयोग निवडला: कापसाचा बोळा पाण्यावर ठेवा, तो पाणी शोषून बुडेल. याची तालीम काय करायची?

रविवारी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मोठा गंज भरून पाणी ठेवलेलं. तेल्हाऱ्याहून वहिनींच्या भावानं, देवीदासनं, उशांसाठी नि वातींसाठी पाठवलेल्या पोत्यातला कापूस अदितीनं सरकी काढून त्यावर ठेवला.

तो तरंगला. वहिनींनी चमच्यानं दाबला, तो वर आला, तोही कोरडाच. त्या आत गेल्या, दुसरं पाणी आणलं, परत गेल्या, गरम आणलं. कापूस राजासारखा वर बसून.

"बुडून नाही राहिला, सूनबाई," बापूसाहेब म्हणाले, आणि शाळेच्या गणवेशाचं दुकान रविवारी उघडं असतं का, हे त्यांनी मला विचारलं.

वहिनी खिडकी उघडून बंद करत होत्या. अदिती मात्र देवघरातल्या समईकडे बघत होती.

"आजोबा, तुमच्या वाती याच कापसाच्या ना? मग त्या तेल कशा पितात?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. वाटीत समईतलं तेल ओतलं, त्याच कापसाचा बोळा टाकला. तो तेल पीत पीत पिवळा झाला आणि शांतपणे तळाला गेला.

बापूसाहेब खुर्चीवरून उठले. पुणेरी मराठीत अर्ज लिहिणारा हा माणूस गंजावर ओणवा होऊन म्हणाला, "काहून?"

याचं कारण पुस्तकातही नव्हतं. आणि कुंदावहिनी, मी शपथेवर सांगतो, फरशीवर बसल्या.

मग त्यांनी औषधाच्या डब्यातला कापूस आणवला. तो पाण्यात टाकताच बुडाला. घोटाळा शब्दाचा होता. पुस्तक लिहिणाऱ्याचा कापूस दुकानातल्या निळ्या कागदातून येतो, आमचा बोंडातून. दुसऱ्या एका पुस्तकातून वहिनींनी शोधून काढलं: दुकानातला धुऊन काढलेला असतो. बोंडातल्याच्या अंगावर निसर्गाचं मेण असतं, ते तेलाला घरात घेतं नि पाण्याला दारातून परत पाठवतं. हे ताडून पाहायला वहिनींनी शेतातला कापूस धुण्याचा सोडा घालून चांगला उकळला, खळखळून धुतला. घरभर धोब्याकडचा वास. संध्याकाळी तोही बुडाला.

पण अट अटच होती, आणि वहिनी पुन्हा येरझारा घालू लागल्या. बापूसाहेबांसमोरचा पहिला प्रयोग काही पुस्तकातल्यासारखा झाला नव्हता. बापूसाहेबांनी पुस्तक मागवलं, ते पान वाचलं आणि परत वाचलं.

"कोणता कापूस ते यात लिहिलंच नाही," ते म्हणाले. "मजकूर संदिग्ध आहे. पुढची तारीख."

सोमवार गेला, शाळा उघडली, पुढची तारीख कोणती हे अजून कुणी विचारलेलं नाही. बापूसाहेबांना आता झोप लागत नाही म्हणे. काल त्यांनी जुनं जानवं पाण्यात टाकून पाहिलं, मग वकिलीचा गळ्यातला पांढरा बँड. आणि आज सकाळपासून आमच्या घरातली गाळणी सापडत नाही.