पोकळ नळीतला आवाज

निवृत्तीला दोन महिने उरले असताना मी सायकल शिकलो. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, त्याच्या मागच्या मैदानावर, वर्ग सुटल्यानंतर, आमच्या प्रयोगशाळेचे परिचर माझी सीट मागून धरून धावत आणि मी पायडल मारी. बालपणी अभ्यासाखेरीज मी काही केले नव्हते. आणि जे त्या वयात राहून गेले, ते पुढे कोणाला विचारण्याची मला लाज वाटत गेली. परिचरांना मी भाऊ म्हणत असे, ते मला सर. चौथ्या दिवशी त्यांनी न सांगता हात सोडला आणि मी कडुलिंबाच्या बुंध्यावर जाऊन आदळलो. ते जवळ येऊन म्हणाले, "झालं, सर. आता येते तुमाले सायकल. थांबता येत नाही फक्त."

भाऊ विणकरांच्या घरातले. गोळीबार चौकाकडच्या एका गल्लीत त्यांचे घर, आणि पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग. नोकरीच्या काळात त्या मागावर गाद्या रचलेल्या असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाद्या उतरवल्या आणि पंचे विणायला घेतले. कुणी मागितले म्हणून नव्हे. सकाळी हाताला काम हवे म्हणून. मी त्यांच्याकडे बसलेला असताना ते कधी बोलता बोलता थांबत, शेजारच्या घरातून येणाऱ्या मागाच्या आवाजाकडे कान देत आणि म्हणत, "दोरा तुटला त्याचा." क्षणभराने तो माग खरोखरच थांबे. तीस वर्षे ध्वनीचे प्रकरण मी शिकवले, पण असे ऐकणे मला कधी जमले नाही.

धरमपेठेतल्या माझ्या घरासमोरून पहाटे सायकलस्वारांचे थवे जात. त्यांच्या सायकली बारीक आणि हलक्या असत. तशी एक आपल्याकडे असावी, असे मला वाटू लागले. पण दुकानात जाऊन विचारण्याचे धैर्य होईना. दुकानातली माणसे उलट प्रश्न विचारतात, आणि उत्तर न येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे ज्या प्रकारे पाहतात, तसे मी वर्गात स्वतःच पुष्कळ वेळा केले होते. म्हणून मी कोणाशी न बोलता, घरबसल्या, कार्बनची एक स्वस्त फ्रेम मागवली. कारखान्याचे नावही तिच्यावर नव्हते. खोक्यातून काढून हातात घेतली तेव्हा ती रिकाम्या सुपाइतकी हलकी लागली. तिच्यासोबत पुढचे चाक धरणारा चिमटा होता आणि एक घडी घातलेला कागद. बाकीचे भाग महिनाभर एकेक करून येत गेले.

जोडणीला भाऊ रविवारी येत. गिअरची आणि ब्रेकची तार अशा फ्रेमच्या पोटातून न्यावी लागते; एका भोकातून आत घालायची आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या भोकातून ती आपण होऊन बाहेर येण्याची वाट पाहायची. दोन दिवस मी चिमट्या आणि चुंबक घेऊन झगडलो. भाऊंनी खिशातून सुताचा धागा काढला, त्याचे टोक एका भोकात सोडले, दुसऱ्या भोकाला घर झाडण्याचे यंत्र लावायला सांगितले. धागा सर्रकन ओढला गेला. मग धाग्याचे टोक तारेच्या टोकाला त्यांनी अशा गाठीने बांधले की ती बोटाला लागेना.

"ही गाठ मागाच्या फणीतून जाते, सर. मंग तुमच्या नळीतून काहून नाही जानार?"

पुढच्या चाकाच्या चिमट्याचे काम मी भाऊ नसताना केले. चिमट्याची नळी फ्रेमच्या तोंडातून वर येते. तिच्यावर स्टेम नावाचा तुकडा आवळतात आणि त्या स्टेमवर हँडल बसते. नळी पोकळ असते. आवळताना ती चेपू नये म्हणून आतून फुगणारे एक धातूचे बूच तिच्यात बसवायचे असते, आणि ते बरोबर स्टेमच्या उंचीला यावे लागते. नळी मुद्दाम लांब दिलेली असते, आपल्या मापाने कापण्यासाठी. करवत घेऊन मी अर्धा तास बसून राहिलो. कमी कापावी की जास्त, ते ठरेना; आणि चुकले तर कोणाला विचारावे, तेही कळेना. शेवटी मी ती कापलीच नाही. स्टेम खाली सरकवला आणि वर उरलेल्या नळीवर पाच कड्या चढवल्या. बूच नळीच्या तोंडाशी, त्या कड्यांच्या आत राहिले. स्टेम जिथे आवळला, तिथे आत पोकळीच होती. असे करू नये, हे दाखवणारे चित्र त्या घडीच्या कागदावर होते. मी ते पाहिले होते. त्या कागदावरच्या इंग्रजीतल्या चुका मी पेन्सिलीने दुरुस्तही केल्या होत्या.

सायकल धावू लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्यातून आवाज येऊ लागला. टक्. उभे राहून पायडल मारले की एकदा, जोरात ब्रेक दाबला की एकदा. मी वही घातली. निरीक्षण, अनुमान, उपाय असे तीन रकाने आखले. पायडल काढून ग्रीस लावले, आवाज राहिला. पायडलांमधले बेअरिंग उघडून पुसून बसवले, आवाज राहिला. सीटची दांडी बाहेर काढली, चाकांचे दांडे आवळले. पोकळ कार्बनमध्ये आवाज जिथे उपजतो तिथे ऐकू येत नाही. तो नळ्यांमधून फिरून दुसरीकडेच निघतो, आणि मला तो सतत पायांखालून येतो असे वाटे. एकदा हँडल किंचित फिरल्यासारखे वाटले म्हणून मी स्टेमचे बोल्ट आणखी आवळले. बळ मोजणारा पाना माझ्याकडे होता. तो मी वापरला नाही; हाताला पुरेसे वाटेपर्यंत आवळत गेलो. आवाज बंद झाला.

मी वहीत "दोष दूर झाला" असे लिहिले आणि भाऊंना फोन करून आवाज गेल्याचे कळवले.

"कोठी होता, सर?"

"पायडलात," मी म्हणालो. ठाऊक नाही, एवढे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत.

नवव्या दिवशी आवाज पुन्हा आला, पूर्वीपेक्षा बारीक. वहीत मी त्याची नोंद केली नाही, आणि भाऊंना कळवलेही नाही.

थंडीचे दिवस होते. त्या रविवारी आम्ही काटोल रस्त्याने जायचे ठरवले होते. पस्तीस वर्षे ज्या लोखंडी सायकलवरून भाऊ कामावर आले, तीच घेऊन ते माझ्या दारात आले. माझी सायकल त्यांनी एका बोटाने उचलून पाहिली आणि लहान मुलासारखे हसले.

"एक चक्कर मारू का जी? जाताना मी हिच्यावर, येताना तुमी."

माझ्या तोंडाशी वाक्य आले होते. आवाज येतो, नको, असे साधे वाक्य. पण ते उच्चारले असते तर त्या दिवशीचा फोन खोटा ठरला असता. शिवाय ज्याने मला सायकल शिकवली त्याला माझी सायकल द्यायची नाही, असाही अर्थ झाला असता. मी मान हलवली. ते पुढे, मी त्यांच्या लोखंडी सायकलवर मागे, असे निघालो.

गावाबाहेर एका उतारावर बाजूच्या रस्त्याने संत्र्यांचे क्रेट भरलेला टेम्पो अचानक पुढ्यात आला. भाऊंनी ब्रेक दाबला. मी वीस पावले मागे होतो. हँडल त्यांच्या हातात राहिले आणि सायकल त्यांच्या खालून निघून गेली. ते उजव्या खांद्यावर पडले. ते ओरडले नाहीत. टेम्पोवाला मात्र धावत येत ओरडत होता, "माही काही गलती नाही, काका, पाहा, मी तं थांबलो होतो!" त्याचे म्हणणे खरे होते. भाऊंना मी रिक्षातून दवाखान्यात नेले आणि टेम्पोवाल्याने दोन्ही सायकली माझ्या घरी पोचवल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मी स्टेमचे बोल्ट सोडवले. आत बोटभर नळीचा तुकडा निघाला. मोडलेल्या काठाचा अर्धा भाग काळा, चकचकीत आणि ताजा होता. उरलेला अर्धा मळकट होता. त्यात धूळ आणि ग्रीस मुरलेले होते. तो अर्धा भाग त्या दिवशी मोडलेला नव्हता. तो पहिल्या टक्-पासून तडकत आलेला होता आणि मी बोल्ट आवळून त्याला पुढे रेटले होते. तुकडा मी कपाटात ठेवला.

भाऊंचे हाड जुळले, पण खांद्यातली शीर दुखावली होती. उजव्या हाताच्या बोटांची हालचाल परत आली नाही. शर्टाचे बटण त्यांची पत्नी लावू लागली. मागावर धोटा फेकायचा हातही तोच. दर रविवारी मी जाई, मागाशेजारच्या खाटेवर त्यांच्याजवळ बसे, आणि दर रविवारी ते म्हणत, "ब्रेक मीच जास्त दाबला, सर. आपल्याले लोखंडाची सवय. तुमची नवी गाडी मोडली माह्या हातानं." त्यांचा मुलगा कामावरून आला की दारातूनच सुरू होई, "साठी उलटली, अन् रेसच्या सायकलीवर बसते मानूस! काहून बसले होते तुमी? कोनाले दाखवाचं होतं?" मला तो आदराने नमस्कार करी. लोखंडी सायकल घरी आणू नका, बाबा पुन्हा बसतील, एवढे मात्र त्याने मला बजावले होते. भाऊ ते बोलणे खाली मान घालून ऐकत. असे नऊ रविवार गेले. त्या नऊ वेळा मी तिथे बसलेला होतो.

नवव्या रविवारी मुलगा म्हणाला, "येत्या महिन्यात माग काढून टाकतो. जागा अडून राहिली."

दहाव्या रविवारी मी तुकडा खिशात घालून गेलो. मुलगा अजून आला नव्हता. वाक्ये मी घरी जुळवून ठेवली होती. ती त्याच क्रमाने बोललो. "भाऊ, ब्रेक तुम्ही बरोबर दाबला. ही नळी आधीच तडकली होती, माझ्या चुकीने. आवाज महिनाभर येत होता. थांबलेला पुन्हा सुरू झाला होता. मला ठाऊक होते आणि मी तुम्हाला बसू दिले."

त्यांनी तुकडा डाव्या हातात घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला. "हे जुनं," ते म्हणाले. "हे नवं." मग त्यांनी मागाकडे पाहिले.

"आवाज मलेबी आला होता, सर."

"केव्हा?"

"तुमच्या गल्लीतून निघालो न, पयल्याच ब्रेकरवर. पायडलातून नाही. हँडलातून."

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलू? तुमी वह्या भरून दोष काढला. म्हटलं, एवढं शिकलेलं मानूस सांगून राहिलं, मी कायले नाक खुपसू."

त्यांची पत्नी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने सर्व ऐकले होते. "तोंड काय चहा प्यायलेच देल्लं का जी देवानं तुमा दोघाइले?" ती म्हणाली. कपबश्या तिने जोराने खाली ठेवल्या आणि आत गेली. आतून बराच वेळ नळाचे पाणी वाहत राहिले.

भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "पोराले नका सांगू, सर. मले बोलते तं बोलू द्या. तुमचं समजलं तं तो तुमाले घरात येऊ देनार नाही. मंग रविवारी कोन येईन माह्याकडं?"

मी हो म्हणालो. आयुष्यभर मी असेच हो म्हणत आलो आहे. तेवढ्यात मुलगा आला. चपला काढता काढता त्याचे सुरू झाले, "आज तरी बोटं हलवली का, का बसूनच आहात? त्या दिवशी बरं सुचलं होतं बसाले!" भाऊंनी मान खाली घातली आणि तुकडा मुठीत लपवला. ती मूठ पाहिली आणि मला तिथे बसवेना. मी उभा राहिलो. जुळवून आणलेली वाक्ये संपली होती, म्हणून जे होते ते वेडेवाकडे बोललो. नळी, बूच, कड्या, फोन, सगळे. भाऊ मध्येच म्हणाले, "सर, राहू द्या न." मी थांबलो नाही.

मुलाने वडिलांच्या मुठीतला तुकडा काढून घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला. "सर," तो म्हणाला, "चहा प्या अन् निघा."

चहा मी प्यालो. तो गार झाला होता.

त्यानंतर एकदा भाऊंच्या पत्नीचा फोन आला. मुलगा आता वडिलांना काही बोलत नाही, असे तिने सांगितले. माग मात्र काढला. आणखी काही सांगायचे होते असे वाटले, पण पलीकडून कोणीतरी आल्याची चाहूल लागली आणि फोन बंद झाला.

कार्बनची फ्रेम मी पुन्हा खोक्यात घातली. भाऊंची लोखंडी सायकल माझ्याकडेच आहे; रविवारी सकाळी मी तिची साखळी पुसतो, तेल घालतो आणि तलावापर्यंत जाऊन येतो. ती पुष्कळ आवाज करते. प्रत्येक आवाज कुठून येतो हे विचारण्यासाठी मला ती घेऊन भाऊंच्या गल्लीत जावे लागेल, आणि तिथे ती आणू नका असे मला सांगितलेले आहे.