भरल्या गाडीची चाचणी

शशिकांत भालचंद्र पेठकर (१९३७–२००६) हे राज्य परिवहनच्या सांगली येथील कार्यशाळेतून मुख्य कारागीर म्हणून निवृत्त झाले आणि पत्नीच्या निधनानंतर न्यू जर्सीतील पिस्कॅटवे येथे कन्या सरला हिच्याकडे राहावयास आले. मी त्यांचा शेजारी. पुढील हकीकत माझ्या समोर घडलेली आहे.

२००५च्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरील यशोधन या विद्यार्थ्याच्या जुन्या मोटारीच्या मागील बाजूने ठक्क असा आवाज येऊ लागला. एम.एस.च्या पदवीदानासाठी येणाऱ्या आईवडिलांना याच मोटारीने नायगाऱ्याला न्यावे, अशी त्याची दोन वर्षांपासूनची इच्छा होती. गॅरेजमध्ये मोटार दोनदा चालवून पाहिली, तेव्हा काहीच वाजले नाही. त्यामुळे तो निर्धास्त झाला. आवाज येतो तेव्हा गाडीत किती जण असतात, असे शशिकांतरावांनी विचारले.

"पाच, काका. लॅबला आम्ही राइड शेअर करतो ना."

"आणि गॅरेजमध्ये?"

"एकटा मेकॅनिक."

"रिकामी तपासली असती, तर आमची एकही एस.टी. नादुरुस्त निघाली नसती."

त्यांनी पाचही जणांना मोटारीत बसवून पार्किंगमधील गतिरोधकावरून सावकाश ये-जा करावयास सांगितले आणि स्वतः कान देऊन बाजूने चालत राहिले. चौथ्या फेरीला त्यांनी हात वर केला. सर्वांना उतरवून, मोटार जॅकवर घेऊन, नीट आधार देऊन त्यांनी डाव्या मागील चाकाच्या आत टॉर्च धरला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजलेल्या स्प्रिंगचा खालचा वेढा तुटला होता. भार पडला की त्याचे टोक टायरला घासे. तेथे चरही पडला होता.

"परवा आई-बाबा लँड होतायत, काका. नायगारा करून आल्यावर रिपेअर केलं तर?"

"आईला मागेच बसवशील ना? ती याच चाकावर बसेल."

यशोधनने किल्ली त्यांच्या हाती दिली. आईवडिलांना विमानतळावरून सरलेने आणले. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा व तो टायर बदलून झाल्यावर, म्हणजे आठ दिवस उशिराने, मंडळी नायगाऱ्याला जाऊन आली.

परंतु त्या प्रवासात गाडीत तिघेच होते; ज्या भाराने दोष दिसला, त्याच भाराने तपासल्याखेरीज गाडी उत्तीर्ण करावयाची नाही, हा शशिकांतरावांचा नियम होता. त्यांनी आपल्या वहीत 'भरल्या गाडीची चाचणी बाकी' अशी नोंद केली. यशोधन शनिवारी येतो म्हणाला; पुढे पीएच.डी.च्या कामात तो शनिवार राहूनच गेला. जिन्यात भेटला की ते म्हणत, "तू पास झालास, गाडी अजून नाही."

२००६च्या नोव्हेंबरात शशिकांतराव गेले. अंत्यविधीला निघताना यशोधनच्या मोटारीत आम्ही पाच जण होतो. गतिरोधकापाशी त्याने वेग कमी केला आणि काच खाली घेतली. मोटार निःशब्द पुढे गेली.

परतल्यावर त्याने ते सरलेला सांगितले. तिने वही काढून त्या नोंदीपुढे त्या दिवसाची तारीख घातली.