हिरवळीवरचा हुतूतू

आम्ही मुंबईची गाडी धरली त्या दिवशी बडनेऱ्याच्या फलाटावर निम्मं वलगाव लोटलं होतं. डफडी वाजत होती. माझ्या यजमानांच्या गळ्यात इतके हार, की सुखदेवराव कोणते ते शोधावं लागावं. हुतूतूत त्यांच्यासारखी चढाई करणारा वऱ्हाडात दुसरा नव्हता. अमरावतीच्या सामन्यात एका सिनेमातल्या हिरोनं त्यांना मैदानातच मिठी मारली. ‘मेरा शेर’ म्हणाला, बंगल्यावर राहायला ये, मोठ्या संघात घालतो म्हणाला. एकट्या सासूबाईंनी हार आणला नव्हता. गाडी हलताना म्हणाल्या, "टाळ्या वाजवतीन रे बापू, पन जेवला का म्हून कोनी विचारनार नाई."

बंगल्यामागं मोटारीशेजारची खोली आम्हाला मिळाली. संघ काही मिळाला नाही. मिळाल्या त्या पार्ट्या. हिरवळीवर नट, गवई, मंत्री जमायचे आणि हिरो ओरडायचा, "पकडा माझ्या शेराला!" मग ते रेशमी सदरे हातात ग्लास घेऊन यांच्या मागं धावायचे आणि धापा टाकत एकमेकांचंच कौतुक करायचे. एकीनं विचारलं, खाता काय? हे म्हणाले, भाकर. त्यावर सगळे एवढे हसले, जणू फार मोठा विनोद झाला. एका मंत्र्यानं खांद्यावर हात टाकून आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर हात हळूच खाली आला.

"काहून पळून राहिले तुमी या लोकायसाठी?" मी चिडून विचारायची.

"संघात घेतो म्हनला ना तो," एवढंच यांचं उत्तर.

एका संध्याकाळी एक गलेलठ्ठ निर्माता दारूच्या तारेत यांच्या पायावर कोसळला. गुडघा मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. हे गवतावर तळमळत होते आणि ती सगळी मंडळी टाळ्या पिटत होती, "पकडला! पकडला!"

हिरोनं ड्रायव्हरच्या हाती सफरचंदं पाठवली. पुढच्या पार्टीला हिरवळीवर पंजाबचा एक पैलवान होता. खोली त्याला हवी होती.

तुम्ही वलगावचे अजून विचारता, तेव्हा गावी काहून नाही आले? ज्या फलाटावर डफडी वाजली, तिथं कुबडी घेऊन उतरणं यांना जमलं नाही. अकोल्याला माझा मामा सरकी काढायच्या जिनात कामाला होता, म्हणून अकोल्याला उतरलो. यांनाही तिथंच काम लागलं. आधी मामाचं घर, मग भाड्याची खोली, मग मातीच्या भिंतींचं आमचं स्वतःचं. पोरं इथंच शिकली. आता वलगावला गेलं तरी चार दिवसांत अकोल्याची ओढ लागते.

मागं तो हिरो इथल्या नव्या टॉकीजच्या उद्घाटनाला आला. केसांना कलप, पोट पट्ट्यावर आलेलं. त्याला कोणीतरी यांची आठवण करून दिली असावी. त्याचा माणूस मोटार घेऊन दारात आला. "साहेब शेराला बोलावताहेत. स्टेजवर फोटो काढायचाय."

हे आत पाटावर बसून जेवत होते. मुंबईत हाक आली की हातातला घास टाकून उठायचे. आज मान वर केली नाही. मला म्हणाले, "थोडी चटनी वाढ."

मी त्या माणसाला सांगितलं, "ते जेवून राहिले. तुमी जा."

तो गेला. मी दार लावून घेतलं. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच: इथून मी अशा माणसाला परत पाठवू शकते.