बाराशेची भूक

मी स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि तराजूत बसले. कोणी ढकललं नव्हतं. असला मूर्खपणा माणूस सतराव्या वर्षी करतो. मी सत्तावन्नाव्या वर्षी केला.

माझ्या विहीणबाईंची एकसष्टी होती. विहीणबाई म्हणजे माझ्या वंदनाची सासू. बँकेतून निवृत्त, विरारला मोठा फ्लॅट, अंगाने वेताची छडी. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांची तुला करायचं ठरलं. गुळाची तुला सगळेच करतात, म्हणून केळ्यांची. नंतर ती केळी आश्रमशाळेत वाटायची. केळी कुठली? आमच्या निर्मळ गावची, घरच्या वाडीतली. मुलीकडच्यांनी नाही म्हणायचं नसतं. सहा घड मी पहाटे उभी राहून उतरवून घेतले, टेम्पोत भरले, हॉलमध्ये नेऊन मांडले.

झेंडूने सजवलेल्या तराजूच्या एका पारड्यात विहीणबाई पैठणी नेसून बसल्या. दुसऱ्यात माझी केळी. चार घडांत बाई अलगद वर. अठ्ठेचाळीस किलो. टाळ्या, फुलं, फोटो. मी मागे उभी. केळीच्या चिकाने काळी पडलेली बोटं पदराखाली. आणि पोटात जळत होतं. केळी माझी, कंबर माझी मोडली, मान मात्र त्यांना. एकदा तरी मलाही कोणी त्या फुलांत बसवावं. फोटोवाला म्हणाला, आणखी कोणी बसतंय का. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी चपला काढल्या होत्या.

सहाही घड चढले. माझं पारडं जमिनीला. वर पाच-सहा नारळ ठेवले. जमिनीलाच. कोणीतरी आचाऱ्याकडची साखरेची गोणी ओढत आणायला लागलं. विहीणबाईंच्या हातात माईक होता.

“ताई, तुमची वाडी संपली, तुम्ही काही संपत नाही.”

हॉल हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. वंदना हसली नाही. सई तेव्हा तिच्या पोटात होती. ती एक हात पोटावर ठेवून फरशीकडे बघत होती. उतरताना माझा गुडघा अडकला. दोन बायांनी मला धरून विहिरीतल्या कळशीसारखं उपसलं. विहीणबाई जवळ आल्या आणि माईक बाजूला धरून समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, की वाईट वाटून घेऊ नका, तुम्हा वाडीतल्या लोकांचं सगळं भातावरच असतं.

दोन वर्षं डॉक्टर ओरडत होते, साखर वाढलीय, गुडघे जातील. त्यांच्यासाठी मी भाताचं शीत सोडलं नव्हतं. विहीणबाईंसाठी भात सोडला, गूळ सोडला, नारळाचं दूध सोडलं. त्या वयातली मी आज भेटले, तर तिला एक चापट मारीन.

दीड वर्षात सव्वीस किलो उतरवले. एकोणनव्वदवरून त्रेसष्ट. उतरवताना मजा असते. बाजारात लोक थांबवून विचारतात, ब्लाउज आत घ्यावे लागतात. उतरलेलं टिकवायला लागलं की कोणी ढुंकून बघत नाही. डाएटवाल्या बाईंनी सांगितलं, आता रोज बाराशे कॅलरी. मी विचारलं, कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, कायमच.

बाराशे म्हणजे काय ते ऐका. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि तांदळाची एक भाकरी, बशीएवढी. दुपारी अर्धी वाटी भात, भाजी, आमटीतलं पाणी नव्हे तर डाळ, आणि मासळी असली तर दोन तुकड्या, तळलेल्या नव्हेत. चारला एक फळ. आमच्या वाडीत केळ्यांचे घड लोंबतायत आणि मी अर्धं केळं कापून उरलेलं सुनेला देते. रात्री आणखी एक तेवढीच भाकरी. संपलं. जन्मभर मी केळी आणि भाजी मणाने तोलून दिली. आता ओट्यावर इवलासा काटा ठेवून तीस ग्रॅम तांदूळ मोजते. सकाळी वजन करताना बांगड्या काढते, गळ्यातलं काढते, कवळीसुद्धा काढून ठेवते. हसा. सूनही हसते.

पावसाळा सरला की आम्ही सुकेळी करतो. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, रोज उलटवायची, मधासारखी झाली की पानात बांधायची. दिवसभर बोटं चिकट. मी ती नळाखाली धुते. चाटत नाही. पहिलं पुडकं विहीणबाईंना. त्या बसल्या बैठकीला तीन खातात, वर म्हणतात, यंदा गोडी जरा कमीच आहे. मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची. घास खाली जाताना दिसायचा. तो कुठे जातो, कुणास ठाऊक. वजन अठ्ठेचाळीस ते अठ्ठेचाळीस. त्यांची साखर वाढावी असं मी देवाला कधी सांगितलं नाही. म्हणजे, मोठ्याने सांगितलं नाही.

आणि चारचौघांत त्या विचारायच्या, ताई, तुम्हाला भूक नाही हो लागत? मी ऐटीत सांगायची, छे, लागतच नाही, सवय होते. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायची आणि आडवी व्हायची. अकरा वर्षं. त्यांना माझी भूक दिसू नये, एवढीच माझी श्रीमंती.

गेल्या वर्षी जावयांच्या वाढदिवसाला मला जेवायला बोलावलं. शेजारपाजारची दोन कुटुंबं होती. सई तेव्हा बारा वर्षांची होती. माझ्या वळणावर गेलीय. रुंद खांदे, जाड मनगटं, शाळेत कबड्डी खेळते. तिच्या ताटात वंदनाने दोन पुऱ्या वाढल्या. विहीणबाईंनी हात लांबवून एक उचलली आणि आपल्या ताटात ठेवली. मग पाहुण्यांकडे बघत सईला म्हणाल्या, की निर्मळच्या आजीकडे बघ, एवढ्याशावर उभी आहे, तिला भूक लागत नाही, सवय होते. माझे शब्द. जसेच्या तसे. श्रीखंडाची वाटीही त्यांनी पोरीपासून बाजूला सरकवली. जावईबापू मोबाइलमध्ये बघत होते.

वंदना मला वाढायला वाकली आणि कानाशी पुटपुटली, की परवा सराव चालू असताना सईला मैदानावर चक्कर आली, डबा तसाच परत आला होता.

सई माझ्या शेजारीच बसली होती. खाली मान घालून तिने मला विचारलं:

“आजी, सवय कधी होते? मला अजून नाही झाली.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी विहीणबाईंना हरवतेय. मी त्यांच्या हातात काठी देत होते. तीही माझ्या नातीसाठी. तराजूत बसले तेव्हा निदान माझं एकटीचंच हसं झालं होतं.

भीती वाटली नाही असं नाही. वंदनाला त्याच घरात राहायचं होतं. मुलीची आई त्या घरात कशी बोलते ते मला पक्कं ठाऊक होतं, वीस वर्षं मी तशीच बोलत होते. पण तोंड उघडलं तेव्हा वाडीतली बाईच बोलली.

“हिच्या ताटाला हात लावायचा नाय, विहीनबाई. सवय होत नाय. मला रोज भूक लागते. पानी पिऊन निजते मी. तुमच्यापुढं आजवर खोटं बोलले.”

विहीणबाईंनी पाहुण्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, की आमच्या घरात आमच्या पद्धतीने चालतं, आणि उद्या पोरगी तुमच्यासारखी फुगली तर तिला कोण करून घेणार? मी म्हटलं, तिचं ती बघेल, तुम्ही पुरी द्या. त्यांनी दिली नाही. मग मी माझ्या ताटातली पुरी सईला वाढली, आणखी दोन मागवल्या. श्रीखंडाची वाटी वंदनाने सरकवली. सईने आईकडे बघितलं आणि खायला लागली. भुकेली पोर कशी खाते, तशी. मी बघत होते. खरं सांगायचं तर मला तिचाही हेवा वाटला.

माझं बाराशेचं मी सोडलेलं नाही. सोडणारही नाही. साखर माझी आहे, गुडघे माझे आहेत, वाडीत मला अजून स्वतःच्या पायांनी फिरायचंय. सकाळी काटा, तीस ग्रॅम तांदूळ, सगळं चालू. विहीणबाईंच्या घशाचा हेवाही चालू आहे, तो काही मेल्याशिवाय जाणार नाही. पण भूक लागते का असं कोणीही विचारलं, तर लागते. बाजारात विचारलं तरी, डाएटवाल्या बाईंनी विचारलं तरी. माझी भूक दाखवून कोणी कुठल्या पोरीच्या ताटातला घास उचलला, तर तो हात मी धरणार. तिथल्या तिथे, चारचौघांत.

त्या दिवशी लिफ्टमध्ये वंदना माझ्याकडे पाठ करून मजल्यांचे आकडे बघत होती. मला वाटलं, माझ्या पोरीचं घर मी मोडलं. रिक्षा आली. मी आत बसले, तेव्हा ती दांडा धरून वाकली आणि म्हणाली:

“आई, आता इथून तुला बोलावणं येणार नाही. तरी दर रविवारी यायचं, सईच्या शेजारी बसायचं, आणि भूक लागली की सगळ्यांसमोर म्हणायचं.”