आक्काला हात द्यायचा नाही

आमच्या वृद्धाश्रमात मागचा हॉल म्हणून एक जागा आहे. तिथं गेलेला माणूस पुन्हा पुढच्या खोल्यांत राहायला आलेला मी तरी पाहिलेला नाही. खाटांना कठडे, प्रत्येकाला डायपर, आणि दिवसभर चालणारा कन्नड टीव्ही, ज्याचा रिमोट सिस्टरच्या खिशात. जेवण मात्र पुढच्यांच्या आधी मिळतं, असं सांगून मॅनेजर त्या हॉलची जाहिरात करतो. कुणी घसरला, पडला की त्याची परीक्षा होते. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवायचं. नाही जमलं तर एक महिना सराव आणि पुन्हा परीक्षा. तेव्हाही नाही जमलं तर गाशा गुंडाळून मागच्या हॉलात जायचं.

मी आणि माझी थोरली जाऊ एकाच खोलीत राहतो. शहापुरात एका घरात, एका चुलीवर आम्ही जन्मभर भांडलो. दोघींच्या मुलांनी मिळून इथं एकच खोली घेतली, त्यामुळे भांडणाची गैरसोय झाली नाही. मी तिला आक्का म्हणते. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे आणि हे ती मला विसरू देत नाही.

घरात माग होते. पुरुष खड्ड्यात पाय सोडून साड्या विणायचे आणि आम्ही बायका रहाटावर कांड्या भरायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा आक्का पोटुशी होती. रहाटापुढून उठताना तिनं हात पुढे केला, "हात दे गं." धाकटीनं थोरलीला हात द्यायचा, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी दिला. मग तिला पोरगा झाला, त्याचं बारसं झालं, लग्न झालं, त्याला टक्कलसुद्धा पडलं, पण आक्काचा हात काही मागे गेला नाही.

आश्रमातही तेच. आमच्या खाटा समोरासमोर आहेत. सकाळी दोघी काठावर बसायचो, गुडघ्याला गुडघे लागायचे. ती दोन्ही हात पुढे करायची, मी ते पकडायचे आणि "हं" म्हणून दोघी एकदम उभ्या राहायचो. सकाळी उठून तांदळाचं पोतं उचलते, असं मी सगळ्यांना सांगत असे. आक्का ऐकून घ्यायची, एरवी एका शब्दालाही सोडणारी नव्हे.

दोन महिन्यांमागे ती न्हाणीत घसरली. लागलं नाही, पण परीक्षा लागली. दोन वेळा उठली आणि तिसऱ्या वेळी धपकन बसली. मॅनेजरनं वहीत काहीतरी लिहिलं. मला धडकी भरली. ती मागच्या हॉलात गेली तर मी त्या खोलीत एकटी काय करणार होते? भिंतीशी भांडायला मला कधीच जमलेलं नाही.

त्याच आठवड्यात लष्करी कॅम्पातून फिजिओथेरपीची बाई येऊ लागली. पन्नाशीची, धारवाडकडची, नवरा फौजेतून निवृत्त झालेला. दोघांत फौजी नक्की कोण असा प्रश्न पडावा, असं तिचं बोलणं. तिनं पहिल्याच दिवशी आम्हा पुढच्या खोल्यांतल्या सगळ्यांना जेवणघरात बसवून सांगितलं, "वय झालं की अंगातलं मांस जातंय. बसून राहिला तर लवकर जातंय. वजन ओढा, रबर ओढा, खुर्चीतून उठा, ऐंशीला पण परत येतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही ह्यांना हात द्यायचा नाही. कै ब्याड! कळलं?"

हात नको! आक्का माझ्याकडे अशी बघायला लागली, की हे मीच त्या बाईला शिकवून आणलंय.

बाईनं रबराच्या लांब पट्ट्या आणल्या होत्या. पिवळी सगळ्यात मऊ, मग लाल, मग हिरवी, मग निळी, अशी चढती ताकद. दहा दिवसांत पिवळी आणि लाल पार पडली. मग हिरव्या पट्ट्या वाटायला सुरुवात झाली. आक्कानं ती पट्टी चिमटीत धरून परत केली.

"हिरवं? मला? मालक जाऊन अकरा वर्सं झाली, बाई."

बाईला काही समजेना. ती म्हणाली, हे रबर आहे, चुडा नाही. पण एव्हाना बारा विधवांनी बारा हिरव्या पट्ट्या परत केल्या होत्या, आणि सांगायला लाज वाटते, तेरावी मी होते. नवऱ्याच्या माघारी मी अंडं खाल्लं, सिनेमे बघितले, पण हिरवं रबर हातात धरायला माझाही हात पुढे होईना.

निपाणीचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांचे आजोबा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे आणि नात न्यायाधीश आहे, हे ते दिवसातून एकदा तरी सांगतात. सांगण्यासारखंच आहे म्हणा. ते म्हणाले, "आवो, रबराला कुटलं आलंय सौभाग्य? द्या हिकडं." आणि त्यांनी हिरवी पट्टी घेऊन ताणायला सुरुवात केली. त्यांची बायको जाऊनही दहा वर्षं झालेली. विधुराला कुठलाच रंग वर्ज्य नसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं आणि संताप आला. संताप आला तरी हिरवी घेतली नाही ती नाहीच.

शेवटी आक्कानं तोडगा काढला. "निळं द्या."

"आज्जी, ते त्याच्यापेक्षा घट्ट आहे!"

"आसंना का."

"निळा तर आमचा," मास्तर म्हणाले, "पण घ्या, तुमच्या हातात शोभंल."

अशा रीतीनं आम्ही तेरा जणी धर्म राखण्यासाठी लालवरून थेट निळ्यावर उडी मारली. पहिले चार दिवस पट्टी हलेना. ज्यांना दात होते त्यांनी दात खाल्ले, बाकीच्यांनी नुसत्या हिरड्या आवळल्या. पण पंधरा दिवसांनी आक्कानं लोणच्याच्या बरणीचं झाकण एका हिसक्यात उघडलं आणि सगळ्या जेवणघराला दाखवलं.

या सगळ्यात मी व्यायाम करत नव्हते, करवत होते. निळी पट्टी मी मुख्यतः मांडीवर ठेवायचे. आक्का खुर्चीतून उठायची आणि मी समोर बसून मोजायचे, चुकली की ओरडायचे. तिला हात द्यायचा नाही म्हणून माझे हात मांडीखाली दाबून ठेवायचे. ती थरथरत उठायची तेव्हा मला बघवत नसे. सकाळचा हात धरणंही बंद होतं. मी आपली खिडकीचा गज धरून उठायचे. गाद्या खचल्यात, बदलून द्या, अशी मॅनेजरकडे दोनदा तक्रारही केली.

परीक्षेच्या दिवशी आक्का छातीवर हाताची घडी घालून बसली आणि उठली. एक, दोन, तीन. चौथ्याला तिची हनुवटी थरथरली. पाचव्याला ती अर्ध्यात थांबली, मला वाटलं गेली, आणि ती उभी राहिली. मास्तरांनी टाळी वाजवली. मला इतका आनंद झाला की मी शहाणपणा केला. म्हणाले, "त्यात काय एवढं? मी उठून दाखवू?"

बाई म्हणाली, "दाखवा."

मी घडी घालून बसले. पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा उठताना खुर्ची मागे सरकली. तिसऱ्यांदा मी उठलेच नाही. म्हणजे मन उठलं, बाकीची मी खाली राहिले. पुन्हा जोर केला. काही नाही. सगळे बघत होते. माझे हात आपोआप आक्काकडे गेले.

ती समोरच उभी होती. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.

"कै ब्याड," ती म्हणाली.

मॅनेजरनं वही उघडली.

खोलीत आल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. चारचौघांत शोभा केलीस, जन्मभर तुला उचललं त्याचे हे पांग फेडलेस, काय काय बोलले. ती पदरानं चष्मा पुसत होती.

"तू मला उचलत हुतीस व्हय? दोन वर्सं झाली, तुज्या गुडघ्यात जीव न्हाय. मी वडलं की तू उठायचीस. म्हून रोज हात मागत हुते."

"मग बोलली न्हाईस ती?"

"बोलले आसते तर धरला आसतास माजा हात?"

नसता धरला. ती म्हणते ते सगळं खरं मानायला मी तयार नाही, तिलाही माझ्या हाताची गरज होतीच. पण मी नसता धरला, हे खरं. मला रडू आलं आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम.

आता माझ्या महिन्यातले अकरा दिवस उरलेत. मला भीती वाटते. मागच्या हॉलावरून जेवायला जाताना मी तिकडे बघत नाही. रोज सकाळी सातला आक्का समोर बसून मोजते, आणि तिच्या मोजण्यात दयामाया नाही. आज मी चार वेळा उठले. पाचव्याला मांड्या पेटल्या, तोल गेला, बसले. म्हटलं, आक्का, नाही जमायचं गं माझ्याच्यानं, जाते मी तिकडे.

"थोरली कोन हाय?" तिनं विचारलं.

"तू."

"मग माज्याआदी कुटं निगालीस? धाकटीनं मागनं यायचं. बस, पयल्यापास्नं."

मी पदरानं नाक पुसलं, हाताची घडी घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.