बसल्याशिवाय पाणी नाही

इंग्लंडातल्या बार्न्सलीजवळच्या कोळशाच्या खाणीत क्लॅरेन्स ओल्डरॉइड एकतीस वर्षं राबला, पण कुणाकडे पेलाभर पाणीसुद्धा त्यानं कधी मागितलं नाही. बायको होती तेव्हा सकाळचा चहाही तोच करून तिच्या हातात द्यायचा. अशा माणसाचं ब्याऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलची बाई घरी येऊन सांगून गेली, की अंघोळ स्वतःची स्वतः जमत नसेल तर रोज सकाळी कुणीतरी बाई येऊन घालून जाईल.

"परकी बाई मला अंघोळ घालणार?" म्हातारा म्हणाला. "त्यापेक्षा न धुताच पुरा मला."

ती बिचारी भली होती. "गुरुवारी दहाला येते, तेव्हा करून दाखवा," म्हणाली, आणि जाताना न्हाणीघरात एक पांढरं प्लास्टिकचं स्टूल ठेवून गेली. क्लॅरेन्सनं त्यावर जिरेनियमची कुंडी मांडली. बसून अंघोळ म्हातारी माणसं करतात म्हणे!

पण खरी अडचण होती पाण्याची. घर बैठं, टाकी छपराखालच्या माळ्यावर, म्हणजे शॉवरच्या वर जेमतेम वीतभर. तेवढ्यावरून पाणी पडणार काय आणि जोर धरणार काय! थेंबे थेंबे तळं साचत असेल, अंगावरचा साबण काही निघत नाही. तो निघेस्तोवर क्लॅरेन्स गारठायचा, पाय लटपटायला लागायचे, आणि कठडा धरून तसाच फेसाळ अंगानं बाहेर यायचा. गुरुवारी बाईसमोर असं झालं की संपलंच.

म्हणून बुधवारी सिरिल पंप घेऊन आला. सिरिल खाणीतला त्याचा जोडीदार. अख्ख्या खाणीचं पाणी उपसणारे पंप त्यानं सांभाळलेले. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, खाली फरशीचा तुकडा टाकून, त्यानं पंप बसवला. त्यात दुपारचे तीन वाजले.

"सोड पाणी," सिरिल म्हणाला.

क्लॅरेन्सनं तोटी फिरवली. भिंतीवरच्या हुकात अडकवलेला नळीचा शॉवर पूर्वीसारखाच ठिबकत राहिला. पंप ढिम्म.

"वीज आहे का?"

"आहे रे. दिवा लागलाय की त्याचा."

"मग झोपलाय तुझा पंप."

"खाणीतले पंप बटण दाबलं की सुटायचे," सिरिल माहितीपत्रक तिसऱ्यांदा चाळत कुरकुरला. "ह्या शहाण्याला आधी पाणी वाहताना दिसायला हवं, मग हा जोर लावणार. अरे, पाणी वाहावं म्हणून तर आणला ना तुला!"

"लोक म्हणतील, खाण उपसली, पण सिरिलला न्हाणीघर झेपलं नाही."

एरवी सिरिलनं ह्यावर चार ऐकवली असती. आज त्यानं माहितीपत्रक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. क्लॅरेन्सनं शॉवर हुकातून काढला, झटकून पाहिला. काही फरक नाही. इतका वेळ उभं राहून खुबा ठणकत होता. शेवटी एका हातानं कुंडी खिडकीत सरकवली आणि मटकन स्टुलावर बसला. हातातला शॉवर गुडघ्यांवर आला.

शॉवरच्या वीतभर वर असलेली टाकी आता त्याच्यापासून चांगली पुरुषभर उंच झाली. ठिबकणाऱ्या पाण्याची धार झाली, कपाटात काहीतरी गुरगुरलं, आणि पाणी असं उसळलं की समोर उभ्या सिरिलची विजार मांडीपर्यंत भिजली. क्लॅरेन्सनं शॉवर बेतानं वर नेऊन डोक्यावर धरला. एकदा जागा झालेला पंप आता थांबायचं नाव घेईना.

"बसल्याशिवाय सुरूच होत नाही हा," सिरिल विजार पिळत म्हणाला. "तुझ्याइतकाच हट्टी निघाला."

क्लॅरेन्सचा जीव भांड्यात पडला. कपड्यांसकट भिजत तो किती तरी वेळ हसत बसला.

गुरुवारी बाई आली. पोहायची चड्डी घालून म्हातारा ऐटीत स्टुलावर बसला आणि सात मिनिटांत लख्ख झाला. डोकं, हात, पाय. बाई कागदावर खुणा करत गेली. मग तिनं विचारलं, "पाठीला हात पोचतो?"

क्लॅरेन्सनं हात मागे नेला. तो कानापर्यंत जाऊन अडला. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यानं नकाराची मान हलवली.

"मग पाठीसाठी तरी कुणी पाठवावं लागेल, मिस्टर ओल्डरॉइड."

"पाठ माझ्याकडे," दारातून सिरिल म्हणाला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"खाणीच्या न्हाणीघरात कुणाचाच हात आपल्या पाठीला पुरायचा नाही, बाई. पाठभर कोळसा. पाळी सुटली की मी ह्याची घासायचो, हा माझी. रोज. मधे खाण बंद पडली, म्हणून खाडा झाला."

बाईनं ते लिहून घेतलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. क्लॅरेन्सनं वळून न बघताच साबण मागे धरला.

"ये मग," तो म्हणाला. "पण जरा हलक्या हातानं. पूर्वीची पाठ राहिली नाही आता."