फवारणीच्या दिवशीचा दादा

हर्सूलच्या माझ्या शिवणाच्या दुकानात मी ब्लाउज बेतत बसले होते, तेव्हा दादाच्या किशोरचा फोन आला. "आत्या... आबा गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत." माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल, तर "खोटं बोलू नकोस मेल्या!" अशा वेळी भाच्याला कुणी असं बोलतं का? पण माझं तोंडच तसं आहे, आणि ते सहन करणारा एकच माणूस त्या दुपारी गेला होता. महिना होऊन गेला. अजूनही काही बिनसलं की आधी दादाला फोन लावायला हात जातो.

दादाची दौलताबादजवळ पेरूची बाग. बांधावर उभं राहून नुसत्या वासावर तो सांगायचा, अमक्या झाडाचा माल उद्या उतरवायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून पाठीवर पंप. आज पिठ्या ढेकूण, उद्या फळमाशी, फवारणी काही सुटायची नाही. पंपाचं नोझल तुंबलं की सरळ ओठांना लावून फू करायचं, आणि काम झालं की तोंडात गुळाचा खडा. गुळानं आतलं सगळं उतरतं, हे त्याला वडिलांनी सांगितलेलं. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. सगळी वाडी हेच करायची, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसलंच नाही.

लग्नानंतर पहिल्या पंचमीला मी माहेरी गेले. दादा बागेतून येताना दिसला आणि मी धावत सुटले. तर हा लांबूनच खेकसला, "लांब हो! शिवू नको मला!" मला इतका राग आला म्हणता! पिशवी उचलून परत निघाले होते. वहिनीनं हात धरून बसवलं. म्हणाली, "वन्सं, फवारणीच्या दिवशी ते मलाबी जवळ येऊ देत नाहीत. पोराला तर घराबाहेरच निघू देत नाहीत." दादा विहिरीवर अंग घासून घासून धुऊन आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "हं, आता बोल, किती शिव्या घालायच्यात?" ... मी एकही घातली नाही.

स्वतःच्या अंगाचं मात्र त्याला काही नव्हतं. जुन्या रेनकोटाच्या कापडाचा मी त्याला गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगरखा शिवून दिला होता. एकदाच घातला. घामानं निथळत आला आणि म्हणाला, "सुमे, औषध मारंल तवा मारंल, तू आजच उकडून मारतीस."

आधी त्याला वास यायचा बंद झाला. पिकलेला पेरू नाकाशी धरून तो वहिनीला विचारू लागला, "झालाय का गं?" मग हात थरथरायला लागले, चहा बशीत सांडायला लागला. शहरात डॉक्टरांकडे मीच नेलं. नेमकं कशानं, ते डॉक्टर ठासून सांगेनात. पण फवारणी किती वर्षं करता, हे त्यांनी दोनदा विचारलं. आणि म्हणाले, आता पंपाला हात लावायचा नाही.

ऐकेल तर तो दादा कसला! हात थरथरत असतानाही पंप काही सोडेना. किशोर चिडायचा, "द्या इकडं आबा! माझ्यावर भरवसाच नाय का तुमचा?" दादा पंपाचा पट्टा आणखी आवळायचा. किशोर म्हणाला, मग मजूर लावू. तेव्हा मात्र दादा उसळला, "मजूर काय वाऱ्यावर पडलाय? त्यालाबी माय असंल!" बापलेकांत बोलणं बंद झालं. शेवटी मी विहिरीवर दादाला गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो खाली बघून म्हणाला, "मी तर भिजलोयच गं सुमे. आता पोराला कशापाई भिजवू?"

हे मी किशोरला सांगितलं. दादानं सांगू नको म्हटलं होतं, तरी सांगितलं, आणि बरं केलं. पोरगा डोळे पुसत म्हणाला, "मग त्यांना कुणी जपायचं, आत्या?" त्यानं बागेत माशीचे सापळे टांगले, फवारणी निम्म्यावर आणली, आणि उरलेली स्वतः करू लागला, डोक्यापासून पायापर्यंत झाकून. दादा बांधावर बसून ओरडायचा, "वाऱ्याकडं तोंड नको!" काही पेरू किडले. दादा हसून म्हणाला, "खाऊ दे, त्यांचाबी वाटा हाय."

दादाचे दिवस झाल्यावर आम्ही विहिरीवरच्या मोटारीची खोली आवरायला काढली. दाराआड खुंटीला दादाचा फवारणीचा सदरा होता. मूळचा रंग कोणता, ओळखू येईना. वहिनीनं तो काढून घेतला आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. "एवढा संसार झाला, पण हा सदरा यांनी मला कधी धुऊ दिला नाय. घरच्या कपड्यांत मिसळू दिला नाय. स्वतःच धुवायचे, हात थरथरायला लागले तरीबी."

किशोर पुढं झाला, "आई, नको. हात लावू नको त्याला."

"त्यांचं ऐकलं रे आयुष्यभर," वहिनी म्हणाली. "तुझं नाय ऐकायची."

किशोर आत जाऊन रबरी हातमोजे घेऊन आला, तिच्यापुढं उकिडवा बसला आणि एकेक बोट सारखं करत त्यानं ते तिच्या हातांत चढवले. वहिनी रडता रडता हसली, "बांगड्या भरतोस का रे?" सांडपाणी विहिरीकडं जाऊ नये म्हणून त्यानं फावड्यानं बाजूला चर ओढला, आणि मी पाणी ओतत राहिले. वहिनीनं कॉलर चोळली, बाह्या चोळल्या, बटणांच्या मागची जागासुद्धा चोळली. पाणी केव्हाच नितळ यायला लागलं होतं. ती थांबली नाही, आणि आम्हीही तिला थांब म्हटलं नाही.